प्रत्येक वाटेची एक अट

मराठी घरात प्रवासाची तयारी बहुधा बॅगेपासून सुरू होते. माळ्यावरची बॅग खाली येते, चिवडा-लाडवांचे डबे भरले जातात, दशम्या कापडात गुंडाळल्या जातात, आणि निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत ‘हे घेतलं का, ते घेतलं का’ चालू राहते. या धावपळीत हौस असते, माया असते, आणि ती असायलाच हवी. पण बॅग भरणे हे तयारीतले शेवटचे काम आहे. त्याच्या कितीतरी आधी घरात बसून एक प्रश्न विचारायचा असतो : ज्या वाटेने आपण जाणार आहोत, ती वाट आपल्याकडून काय मागणार आहे?

हे पुस्तक त्या एका प्रश्नाभोवती उभे आहे. प्रवासात पुष्कळ चुका खपून जातात. टॉवेल राहिला तर वाटेत मिळतो, कपडे कमी पडले तर धुऊन वापरता येतात, हॉटेल मनासारखे निघाले नाही तरी एक रात्र निभावते. मात्र प्रत्येक प्रकारच्या प्रवासात एक गोष्ट अशी असते, की ती चुकली तर पैसा, ओळख किंवा जिद्द यांतले काहीच कामाला येत नाही. पायी वारीत ती गोष्ट म्हणजे पाय. सह्याद्रीत पाणी आणि उजेड. हिमालयात वेळ. रेल्वेत तारीख. रस्त्यावर गाडी हाकणाऱ्याची झोप. परदेशात कागद. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि मुलांना घेऊन निघालो तर औषध आणि चाल. आपल्या वाटेची ही अट आधी ओळखावी, तिची तयारी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत नीट करावी, बाकीचे मग सवडीने करावे, एवढेच या पुस्तकाचे सांगणे आहे.

हे वेगळे सांगायची गरज आताच का पडली? कारण एकाच कुटुंबाचे प्रवास आता फार निरनिराळे झाले आहेत. गणपतीला कोकणात जाणारे कुटुंब त्याच वर्षी लेहला जाते, आजी-आजोबा केदारनाथची नोंदणी करतात, मुलगी शिकायला जर्मनीला निघते आणि धाकटा मित्रांबरोबर पावसात हरिश्चंद्रगडावर जातो. यादी मात्र बहुतेक घरांत एकच असते, आणि ती असते जुन्या गावाकडच्या प्रवासाची. त्या यादीत गरम कपडे वाढवले की लेहची तयारी झाली आणि पासपोर्ट वाढवला की जर्मनीची, असे समजले जाते. अडचण इथे आहे.

पायी चालण्यापासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा सामुदायिक प्रवास पायीच होतो. ज्येष्ठ वद्यात आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी प्रस्थान ठेवते आणि आषाढी एकादशीच्या आधी पंढरपुरात पोहोचते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. पहिल्यांदा वारीला जाणारा माणूस सामानाची फार चिंता करतो, पण दिंडीत सामान ट्रकवर असते, जेवणाची आणि तंबूची सोय भिशी, म्हणजे वर्गणी, भरलेल्यांसाठी दिंडीच करते. चालायचे मात्र ज्याचे त्यालाच असते. पुण्याहून सासवडला जाताना तीस किलोमीटरच्या आसपासचा टप्पा आणि त्यात दिवे घाटाचा चढ येतो. वारीला निघून जेमतेम दोन-चार दिवस झालेले असतात, म्हणून सराव नसलेल्यांचे पाय याच टप्प्यावर बोलू लागतात.

म्हणून वारीची तयारी दोन महिने आधी चालण्याने होते. वारीत जी चप्पल किंवा बूट घालायचे तेच घालून रोज चालावे, दर आठवड्याला अंतर थोडे वाढवावे, आणि निदान काही वेळा डांबरी रस्त्यावर उन्हात चालून पाहावे. नवी कोरी पादत्राणे घालून प्रस्थानाला जाणे म्हणजे फोडांना निमंत्रण देणे. ओले पाय सर्वांत लवकर सोलवटतात, म्हणून मोज्यांचे जास्तीचे जोड, पाय पुसायला वेगळे फडके आणि बोटांच्या बेचक्यात लावायला व्हॅसलीन हवे. फोड आला तर त्याची कातडी ओढून काढू नये, स्वच्छ पट्टीने झाकावे. मधुमेह असलेल्यांनी रोज मुक्कामाला पोहोचल्यावर तळपाय डोळ्यांनी तपासलेच पाहिजेत. त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, जखम झाली तरी ती दुखत नाही, आणि न दुखणारी जखमच पुढे चिघळते. हे काम स्वतःला जमत नसेल तर शेजारी चालणाऱ्या माउलीला सांगावे. वारीत यात संकोचाचे काही नाही.

नर्मदा परिक्रमा हीसुद्धा पायी यात्रा, पण तिची मागणी निराळी आहे. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही, चातुर्मासात एका जागी थांबायचे, असे तिचे नियम. तिथे ट्रक नसतो. जे काही सोबत आहे ते आपल्याच खांद्यावर. त्यामुळे परिक्रमेची तयारी म्हणजे काय घ्यायचे याच्याइतकीच काय सोडायचे याची. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास राहिले तर महिनोन्‌महिने चालता येते. वाटेतले आश्रम आणि किनाऱ्यावरची गावे परिक्रमावासीला जेवू घालतात. त्यांच्या दारात जाताना लागणारी नम्रता आणि मिळेल ते खाण्याची सवय हीही तयारीच आहे, आणि ती घरी असतानाच अंगी लावून घ्यावी लागते.

सह्याद्रीचे प्रकरण या पुस्तकात मुद्दाम मोठे ठेवले आहे. कळसूबाई, १,६४६ मीटर, हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. हिमालयाच्या हिशेबाने ही उंची काहीच नाही, आणि याच समजुतीने माणसे निष्काळजी होतात. सह्याद्री अंगावर येतो तो उंचीने नव्हे, ऋतूने. फेब्रुवारी सरला की अनेक गडांवरची टाकी आटू लागतात किंवा त्यांतले पाणी पिण्याजोगे राहत नाही. नकाशावर टाके दिसते म्हणून रिकामी बाटली घेऊन चढणारा माणूस दुपारी बाराला कातळावर कोरडा पडतो. उन्हाळ्यात माणशी तीन-चार लिटर पाणी स्वतःच्या सॅकमध्ये असायला हवे, आणि गडावरच्या पाण्याची खबर पायथ्याच्या गावातून त्याच आठवड्यात घेतलेली असावी. पाण्याबरोबर मीठ-साखरही हवी. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळावी, चवीसाठी दाट करू नये.

पावसाळ्यात पाण्याचा प्रश्न उलटा होतो. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावची सांदण दरी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सुंदर, पण पावसात ती चिंचोळी घळ म्हणजे पाण्याचीच वाट असते, तिथे जायचेच नसते. ओढे आणि धबधबे यांचा स्वभाव समजून घ्यावा : आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या डोंगरावर सर कोसळली की काही मिनिटांत खालचे पाणी वाढते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेले. पाणी गढूळ झाले, पालापाचोळा-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला, की फोटो पुरा होण्याची वाट न पाहता बाहेर पडावे. दोर नाही, पोहणारा नाही, आणि पलीकडे जाण्याची घाई आहे, अशा वेळी ओढा ओलांडण्याचा विचारच करू नये. पाणी उतरेपर्यंत थांबता येते, आणि थांबायला हवे.

उजेडाचे गणितही असेच. वाट चुकण्याच्या बहुतेक कहाण्या दुपारी चारनंतर सुरू होतात. उशिरा निघालेला गट उशिरा माथ्यावर पोहोचतो, तिथे रमतो, आणि उतरताना अंधार गाठतो. मग धुके, निसरडा कातळ, मुरमाड घसारा आणि ढोरवाटांचे जाळे. म्हणून निघण्यापूर्वीच परतीची वेळ ठरवावी आणि माथा दिसत असला तरी ती पाळावी. एका दिवसाचा ट्रेक असला तरी प्रत्येकाकडे स्वतःची बॅटरी हवी, ती मोबाइलची नव्हे. मोबाइल मदत मागण्यासाठी जिवंत राहिला पाहिजे. गडावर शेकोटीचा धूर किंवा उग्र अत्तर यांमुळे आग्या मोहोळ उठते. माशा उठल्याच तर हात झटकू नयेत, डोके-तोंड झाकून तिथून दूर व्हावे. साप चावला तर जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यांतले काहीही करू नये. तो अवयव न हलवता माणसाला प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात लवकरात लवकर न्यावे. या गोष्टी गडावर गेल्यावर शिकायच्या नसतात.

डोंगरातला माणूस हिमालयात गेला की त्याला वाटते, आपली तब्येत चांगली, आपल्याला काय होणार. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विरळ हवेशी जुळवून घेण्याची शक्ती आणि शारीरिक ताकद यांचा फारसा संबंध नाही. कळसूबाई दर रविवारी चढणाराही लेहमध्ये आजारी पडू शकतो, आणि त्याची साठीची आई ठणठणीत राहू शकते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. मुंबईकर सकाळी समुद्राकाठी असतो आणि दुपारच्या आत विमानाने या उंचीवर उतरतो. शरीराला जुळवून घ्यायला जे दिवस लागतात ते विमानाने वाचवलेले नसतात, फक्त पुढे ढकललेले असतात.

त्यामुळे लडाखची खरी तयारी सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत होते. पहिले दोन दिवस लेहमध्ये विश्रांतीसाठी मोकळे आहेत का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस चढ थांबवावा, असे डॉक्टर सांगतात. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे थोडा वेळ थांबून खाली येणे वेगळे आणि अशा उंचीजवळ झोपणे वेगळे. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती दिसली की वर जाणे थांबवायचे. बसल्या जागी धाप लागणे, सततचा खोकला, चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसली तर रात्र असो वा पाऊस, त्या माणसाला खाली न्यायचे, आणि एकटे पाठवायचे नाही. प्राणवायूच्या सिलिंडरने मिळतो तो थोडा वेळ. खाली उतरणे त्याने टळत नाही. डायमॉक्ससारखी गोळी काहींना उपयोगी पडते, पण ती निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर.

हेच चारधामालाही लागू आहे. केदारनाथचे मंदिर ३,५८३ मीटरवर, आणि जिथून चढण सुरू होते ते गौरीकुंड साधारण दोन हजार मीटर उंचीवर. सोळा किलोमीटरच्या आसपासची ही चढण बरेच भाविक एका दिवसात करतात. हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांना तर तेवढीच उंची काही मिनिटांत चढायची असते. पैसे देऊन पाय वाचतात, हृदय आणि फुप्फुसे वाचत नाहीत. अमरनाथ यात्रेला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे आणि तेरा ते सत्तर अशी वयाची मर्यादा आहे. हा नियम भक्तीच्या आड येणारा नाही, तो याच अनुभवातून आला आहे. चारधामाला असा दाखला मागितला गेला नाही तरी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी महिनाभर आधी करून घ्यावी. देवदर्शनाची ओढ खरी असते, म्हणूनच परत येण्याची काळजी जास्त घ्यायला हवी.

रेल्वेच्या प्रवासात जिवाला धोका कमी, पण मनस्ताप फार, आणि तो जवळजवळ सगळा तारखेशी निगडित आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. म्हणजे गणेशचतुर्थीला कोकणात जायचे तर प्रवासाच्या तारखेपासून मागे साठ दिवस मोजून तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवायला हवा, कारण त्या सकाळी काही मिनिटांत गाड्या भरतात. तात्काळची खिडकी आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहाला आणि इतरांसाठी अकराला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळ तिकिटासाठी खाते आधारशी पडताळलेले असावे लागते, आणि ते काम त्या सकाळी करत बसता येत नाही. ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगवरच राहिले तर ते आपोआप रद्द होते, त्यावर गाडीत चढता येत नाही. म्हणून दुसरी सोय आधीच पाहून ठेवावी. चाकरमान्यांनी ती केव्हाच शोधली आहे : वाडीतली माणसे एकत्र येऊन एसटीची अख्खी गाडी आरक्षित करतात, आणि ती थेट गावाच्या तोंडाशी नेते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक असते. दरडींच्या भीतीमुळे गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळा बदलतात. जूनच्या आधी काढलेल्या तिकिटावरची वेळ निघण्यापूर्वी पुन्हा तपासावी. आपल्याला हळू वाटणारी गाडी आपल्याच सुरक्षिततेसाठी हळू असते.

स्वतःची गाडी काढली की आरक्षणाचा प्रश्न सुटतो आणि झोपेचा उभा राहतो. सुट्टी वाचवायची म्हणून दिवसभर कामावर जाऊन रात्री दहाला गाडी काढणे ही आपल्याकडची सर्वांत धोक्याची सवय आहे. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर झोप मागतेच, आणि चहा-तंबाखू-गाणी यांनी ती टळत नाही, लपते. दुसरा चालक नसेल तर रात्री झोपून पहाटे निघावे. टायरमधली हवा, त्याचे घासलेपण, ब्रेक, वायपर, स्टेपनी आणि जॅक हे दोन दिवस आधी पाहावे, निघायच्या सकाळी नव्हे. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. सतत ब्रेक दाबून उतरले की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. खंडाळ्याच्या उतारावर जड वाहनांना हीच सूचना पुनःपुन्हा दिली जाते, ती छोट्या गाड्यांनाही तितकीच लागू आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी उलटीची गोळी घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, आणि गाडी चालवणाऱ्याने ती घेऊच नये, कारण तिने झोप येते.

परदेश प्रवासाच्या प्रकरणात कागदांना अग्रस्थान आहे. विमानतळावरच्या खिडकीशी माणूस किती सज्जन आहे हे कोणी विचारत नाही, कागद विचारतात. अनेक देशांना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी असते. युरोपातल्या शेंगेन देशांना परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत, दहा वर्षांच्या आत काढलेला पासपोर्ट आणि किमान तीस हजार युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्याच्या सुट्टीसाठी एप्रिलमध्ये धावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. केनियाच्या जंगल सफारीला जाणाऱ्यांना पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचा पिवळा दाखला भारतात परतताना मागितला जातो, आणि तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते.

यात मराठी कुटुंबांची एक खास अडचण आहे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदरी पद्धत. लग्नानंतर बाईचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पासपोर्टवर दोन्हींची सरमिसळ, आणि तिकीट काढणाऱ्याने घरच्या हाकेचे नाव लिहिलेले, असे बऱ्याचदा असते. तिकीट, व्हिसा आणि विमा यांवरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षराक्षराने जुळले पाहिजे. हे काम तिकीट काढण्यापूर्वीचे आहे. नंतर दुरुस्तीला पैसा लागतो, आणि कधीकधी पैसा देऊनही वेळ उरत नाही.

आणि आपल्या स्वयंपाकघराचीही तपासणी हवी. अनारशांवर लावलेली खसखस इथे सणाची गोष्ट आहे, पण संयुक्त अरब अमिरातीत, सौदी अरेबियात आणि सिंगापुरात ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. दिवाळीचा फराळ दुबईच्या लेकीला नेणाऱ्या आईने हे जाणून घ्यायलाच हवे. सुके खोबरे तेलामुळे पेट घेऊ शकते, म्हणून विमानात त्याला मनाई असते. पॉवर बँक केबिनमधल्या पिशवीतच ठेवायची, आत द्यायच्या बॅगेत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर जाहीर करावी. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला दंड होतो. खोकल्याच्या आणि वेदनाशामक औषधांपैकी कोडीन असलेली काही औषधे आखाती देशांत परवानगीशिवाय चालत नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह, आणि गोळ्या त्यांच्या छापील पाकिटातच असाव्यात.

वडीलधाऱ्यांबरोबरच्या प्रवासाला या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे, कारण त्यात गटाची चाल सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायावर ठरली पाहिजे. त्यांची औषधे दोन ठिकाणी ठेवावीत, एक संच अंगाजवळच्या पिशवीत. इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या बॅगेत ठेवू नये, तिथे ते गोठून निकामी होऊ शकते. रेल्वेत साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळीसच्या पुढच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तिकीट काढताना वय बरोबर लिहावे. एसटीत महाराष्ट्रातल्या पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर या वयात निम्मे भाडे आहे, आणि स्त्रियांनाही निम्मे भाडे आहे. वयाचा पुरावा मात्र हाताशी हवा.

स्त्रियांच्या प्रवासाबद्दल दोन गोष्टी बहुतेक याद्यांमध्ये नसतात, म्हणून इथे लिहितो. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने असंख्य बायका निघण्यापूर्वीपासून पाणी पिणे बंद करतात. उन्हात, उंचीवर आणि लांबच्या बसप्रवासात याचे परिणाम गंभीर होतात. उपाय त्या बाईकडे नाही, प्रवास आखणाऱ्याकडे आहे : दर दोन-अडीच तासांनी चांगल्या स्वच्छतागृहाचा थांबा कार्यक्रमातच धरावा आणि तो सर्वांना आधी सांगावा. दुसरी गोष्ट, यात्रेत अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेतल्या जातात. रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास, मायग्रेन किंवा यकृताचा विकार असलेल्यांना त्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत, आणि त्या घेण्यासाठी घरातल्या कोणी दबाव तर मुळीच आणू नये.

इतकी तयारी केली म्हणजे प्रवास ठरल्याप्रमाणे होईल, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे या आशेने उत्तरेकडे निघाले आणि ऐन बंडात सापडले, झाशीचा पाडाव त्यांनी शहरात राहून पाहिला. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये छापले गेले आणि आजही वाचले जाते. त्या प्रवासाची आधी तयारी करणे कोणालाच शक्य नव्हते. तरीही लुटले गेल्यावर पुन्हा उभे राहणे, मिळेल तिथे भिक्षुकी करणे आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी पोहोचणे हे त्यांना जमले, कारण हातातली विद्या आणि अंगातला काटकपणा कोणी लुटून नेऊ शकले नाही. तयारीचा उपयोग असा असतो. ती संकट टाळतेच असे नाही, पण संकटात माणसाकडे काहीतरी शिल्लक ठेवते.

पुस्तक कसे वापरावे याविषयी थोडे. सगळी प्रकरणे क्रमाने वाचण्याची गरज नाही. आपल्या प्रवासाचे प्रकरण आधी वाचावे आणि त्याच्या सुरुवातीला दिलेली अट घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावी. प्रवास मिश्र असेल तर दोन्ही प्रकरणे लागतील : विमानाने लेह गाठून तिथे मोटारसायकल चालवणाऱ्याला उंची आणि रस्ता दोन्ही वाचावे लागतील. मुदती, शुल्क, वेळापत्रके आणि व्हिसाचे नियम बदलतात, म्हणून या पानांवरचा प्रत्येक नियम निघण्यापूर्वी अधिकृत ठिकाणी पुन्हा पाहावा. शरीराचे आणि डोंगराचे नियम मात्र बदलत नाहीत, ते पाठच करावेत. आणि कुठेही जा, मार्ग, मुक्काम, सोबत्यांचे फोन आणि परतीची वेळ लिहिलेला एक कागद घरी ठेवून जा. ठरलेल्या वेळेपर्यंत तुमचा निरोप आला नाही तर काय करायचे, हेही त्यावर लिहा.

शेवटी, ही सगळी खटपट स्वतःपुरती नाही. रात्री दरीत अडकलेल्या मुलांना शोधायला पायथ्याच्या गावातली माणसे आणि गिर्यारोहक स्वयंसेवक आपला जीव धोक्यात घालून उतरतात. हिमालयात धाप लागलेल्या यात्रेकरूला पाठीवरून खाली आणणारा माणूस स्वतःही त्याच विरळ हवेत श्वास घेत असतो. दिंडीत पाय सुजून बसलेल्याची पथारी दुसराच कोणी उचलतो, आणि कागद अपुरे असलेल्या एकासाठी अख्खी टूर विमानतळावर खोळंबते. आपण न केलेल्या तयारीची किंमत पुष्कळदा परक्या माणसाला मोजावी लागते. आपल्याला पंढरीला, रायगडाला, लेहला किंवा लंडनला जायची जितकी ओढ आहे, तितकीच वाटेवर भेटणाऱ्या या माणसांची कदर असावी. ज्याने आपल्या वाटेची अट घरीच पुरी केली आहे, त्याचे हात वाटेत दुसऱ्याला देण्यासाठी मोकळे असतात. वाचणाऱ्या प्रत्येकाने असा प्रवासी व्हावे, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.